लायनर जास्त टिकतोय, पण मिल कमी दळतेय. नक्की काय बिघडलं?

दगडू_शिफ्टवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आता स्वतःवर वेळ आली म्हणून धागा काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी खनिज दळणाऱ्या प्लांटमध्ये प्रोसेसकडे आहे. आमची सॅग मिल (आडवं फिरणारं मोठं पिंप, ज्यात खनिज आणि पोलादी गोळे एकत्र फिरून दळण होतं) २२ फुटी, म्हणजे ६.७ मीटर व्यास, लांबी ३ मीटर, गोळे १२५ मिमीचे. स्पीड फिक्स, मिनिटाला १२ फेरे. गेल्या रिलाइनला, म्हणजे आतलं अस्तर बदलताना, शेलचे (पिंपाच्या गोल भिंतीचे) लायनर बदलले. आधीचे लिफ्टर, म्हणजे माल उचलणारे लायनरवरचे उंचवटे, प्लेटच्या वर १८० मिमी उभे असायचे आणि साडेपाच महिन्यांत संपायचे. मेंटेनन्सवाले वैतागले होते. म्हणून या वेळी २२५ मिमी उंचीचे घेतले, खालची प्लेटही १० मिमी जाड. धातू तोच, क्रोम-मॉली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद. पुरवठादार म्हणाला, आठ महिने डोळे झाकून.

टिकताहेत, त्यात वादच नाही. पण रिलाइननंतरचे पहिले सहा आठवडे टनेज जवळजवळ ८ टक्के खाली होतं. आणि आवाज! कंट्रोल रूममध्ये चहाचा कप टेबलावर थरथरायचा. एकदा मधेच थांबवून आत डोकावलो. दोन लिफ्टरांमधली खोबण बारीक माल आणि गोळ्यांच्या कपच्यांनी इतकी गच्च बसलेली की पहारीने ठोकलं तरी ढिम्म. एका लिफ्टरचा कोपरा उडालेला. आता तिसऱ्या महिन्यात गाडी रुळावर येतेय.

मेंटेनन्स म्हणतंय खनिज कडक आलं असेल. मला नाही वाटत, फीड खाणीतल्या त्याच बेंचवरून, म्हणजे त्याच पायरीवरून, येतंय. उंच आणि जाड लायनर म्हणजे जास्त आयुष्य म्हणजे फायदा, हे गणित बरोबर आहे की आम्ही कुठेतरी फसलोय?

वाट_चुकलेला

मिल म्हटल्यावर कापडगिरणीबद्दल असेल म्हणून आलो. कापड नाही, पण धागा मात्र निघाला. बसतो इथेच, वाचतोय.

लोखंडेकाका

दगडू, उंची सांगितलीस, जाडी सांगितलीस, धातू सांगितलास. सगळ्यात महत्त्वाचं तेच राहिलं. लिफ्टरच्या पुढच्या तोंडाचा कोन किती?

लायनरला दोन कामं असतात. एक, शेलचं रक्षण. ते सगळ्यांना कळतं. दुसरं, मालाला आणि गोळ्यांना उचलून योग्य जागी टाकणं. हे खरेदीच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून विसरलं जातं. मिल घड्याळाच्या दिशेने फिरतेय असं धर. चार्ज, म्हणजे आतला माल आणि गोळे, डावीकडून वर चढतो, घड्याळातल्या दहाच्या आसपास त्याचा खांदा, आणि खाली उजवीकडे साडेचारच्या आसपास त्याचं टोक, आपण टो म्हणतो ते. गोळा सुटून टोवर पडला तर दगड फुटतो. तोच गोळा तीन वाजताच्या उघड्या लायनरवर पडला तर लायनर फुटतो, गोळा फुटतो, दगडाला काहीच होत नाही. वीज तेवढीच जाते.

लिफ्टरचं तोंड जितकं उभं, तितका गोळा उशिरा सुटतो आणि लांब फेकला जातो. तोंड उतरतं केलं की तो लवकर घसरतो आणि जवळ पडतो. १२५ मिमीचा गोळा आठेक किलोचा असतो. तो तीन-चार मीटरवरून थेट लोखंडावर आदळतोय, दर फेरीला, शेकड्याने. तुझा कप त्यानेच थरथरतोय.

रिलाइनवाला

काका, सगळं मान्य, पण आमचीही बाजू ऐका. प्रोसेसवाल्यांना टनेज दिसतं, आम्हाला आत जाणारी माणसं दिसतात. एक रिलाइन म्हणजे साठ तासांचं शटडाउन. मिल अडकवून कुलपं, चार्ज धुणं, हेडवर (मिलच्या टोकांच्या भिंतींवर) आणि शेलवर चिकटून राहिलेले गोळे काढणं, मग बोल्ट. बोल्ट सुटत नाहीत, घणाने किंवा हातोडा-मशीनने आत ठोकायचे, तेही अडले तर कापायचे. जो माणूस वर्षातून दोनदा हे करतो त्याला आयुष्य वाढवणारा लायनर हवाच असणार. दगडूच्या मेंटेनन्सने चूक केली असं मी तरी म्हणणार नाही.

घसारा

आमच्या हिशेबात या सगळ्याला एकच शब्द आहे आणि तो माझा आयडीच आहे. :)

दगडू_शिफ्टवाला

@लोखंडेकाका, ड्रॉइंग काढून बघितलं. जुन्या लिफ्टरचा कोन उभ्या रेषेपासून २० अंश. नव्याचा १२! उंची वाढवली पण बुडाची रुंदी तीच ठेवायची होती, कारण बोल्टची भोकं आणि शेजारची प्लेट बदलणार नव्हती. म्हणून तोंड उभं करून टाकलं. खरेदीच्या तुलनेच्या तक्त्यात कोनाचा रकानाच नव्हता. उंची, वजन, कडकपणा, किंमत, बस.

लोखंडेकाका

हे घ्या. रोग सापडला. निदान एक तरी.

मृण्मयी_डीईएम

काकांशी सहमत. थोडी भर घालते.

पूर्वी सॅग मिलचे लिफ्टर ७ ते १२ अंशांसारखे उभेच बनवले जायचे. मिल मोठ्या होत गेल्या तशी बोंब झाली. अर्जेंटिनाच्या आलुंब्रेरा खाणीतल्या ३६ फुटी सॅग मिलचं उदाहरण आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. तिथे गोळे थेट शेलवर पडत होते. लिफ्टरचा कोन वाढवत नेला आणि दळण सुधारलं. आता मोठ्या मिलमध्ये २५ ते ३५ अंश सर्रास दिसतात.

हे आधी कागदावर कळतं का? कळतं. एका गोळ्याचा मार्ग तर साध्या गणिताने काढता येतो. पण आत हजारो गोळे एकमेकांवर आपटतात, त्यासाठी डीईएम म्हणजे कणाकणाचा हिशेब ठेवणारं सिम्युलेशन. कुंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली ती माती-वाळूसारख्या दाणेदार मालासाठी, मिलसाठी नव्हे. बॉल मिलला ती लावली मिश्रा आणि राजमणी यांनी, १९९२ च्या सुमारास. तोवर लायनरचं डिझाइन म्हणजे "मागच्या वेळी चाललं होतं" एवढंच होतं.

दगडू, तुमच्याकडे अजून एक भानगड आहे. शेलवर लिफ्टरच्या किती ओळी?

दगडू_शिफ्टवाला

४४.

मृण्मयी_डीईएम

वाटलंच. जुना ठोकताळा, फुटांतल्या व्यासाच्या दुप्पट ओळी. २२ दुणे ४४.

आता हिशेब करा. घेर साधारण २१ मीटर, भागिले ४४, म्हणजे ओळीपासून ओळ ४८० मिमी. लिफ्टरची रुंदी १४० धरली तर मोकळी खोबण ३४० मिमी. १८० मिमी उंचीला खोबण आणि उंचीचं प्रमाण १.९ येतं. तेच आधी तोकडं होतं. २२५ ला ते १.५ झालं. इतक्या अरुंद, खोल आणि उभ्या भिंतींच्या खोबणीत ओला बारीक माल जाऊन बसणारच. पॅकिंग झालं की उंच लिफ्टरची उंची कागदावरच राहते आणि मिलचा आतला आकारही तेवढा कमी होतो. म्हणजे तुम्ही पैसे देऊन उंच लिफ्टर घेतले आणि मिलने ते बुजवून टाकले.

वाट_चुकलेला

एक अडाणी प्रश्न. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावून खरबरीत करतात. इथेही तसंच का? लिफ्टर झिजला की दळण बिघडतं?

लोखंडेकाका

अडाणी कुठला, चांगला प्रश्न आहे. पण उत्तर अर्धं हो, अर्धं नाही. जात्यात दगडच दळतो. इथे लायनरने दळायचं नाहीये, दळतात ते गोळे. लायनरने फक्त उचलायचं. म्हणून नवा कोरा लिफ्टर बहुतेक वेळा सगळ्यात चांगला नसतो. थोडा झिजून त्याचं तोंड उतरतं होतं, तेव्हा मिल सगळ्यात छान चालते. पुढे फारच झिजला की चार्ज वर चढेनासा होतो, घसरायला लागतो, आणि मग प्लेट भराभर जाते. ती झीज बाहेरून कोणाला दिसत नाही. म्हणून शेवटच्या महिन्यात लिफ्टर बघू नका, प्लेट मोजा.

दगडूचा तिसऱ्या महिन्यात सुधारलेला आकडा यातच आहे. मिलने स्वतःच घासून घासून १२ अंशांचे वीस-बावीस केले. पुरवठादाराने न केलेलं डिझाइन खनिजाने करून दिलं.

आकडेमोड

मी तेवढं गणित करून ठेवतो. रिलाइनवाल्या दादांनी साठ तास सांगितले, तेच धरतो.

आधी साडेपाच महिने, म्हणजे वर्षाला २.२ रिलाइन. आता आठ महिने, म्हणजे १.५. वाचली ०.७ रिलाइन, वर्षाला ४२ तास.

गेलं काय? सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, त्याचे ८ टक्के म्हणजे ३.४ दिवस, ८१ तास. हे प्रत्येक सेटला. वर्षाला दीड सेट म्हणजे १२१ तास.

४२ वाचवायला १२१ घालवले.

रिलाइनवाला

बरं बाबा, हरलो. पण मग कोन वाढवा, उंची ठेवा. आठ महिने सोडू नका. :(

घसारा

@आकडेमोड, हे गणित आमच्या साहेबांना दाखवू नका. ते ८१ तास "खनिज कडक" या खात्यात टाकतात.

रबरप्रेमी

एवढे लोखंडामागे का लागलात? आमच्या दुय्यम बॉल मिलला रबराचे लायनर आहेत. आवाज निम्म्याहून कमी वाटतो, मिलशेजारी उभं राहून बोलता येतं. वजनाचं तर विचारूच नका, रबराची घनता १.१५ च्या आसपास, पोलादाची ७.८. दोन माणसं लिफ्टर उचलतात. बोल्टातून गळती नाही, रबर स्वतःच दाबून बसतं.

लोखंडेकाका

दुय्यम बॉल मिलला उत्तमच. त्याच्या सॅगला लावा आणि १२५ चे गोळे टाका, मग बोलू. रबराला मोठ्या गोळ्यांचा थेट मार आणि उष्णता, दोन्ही सोसत नाही. ८० अंशांच्या पुढे ते जातं. तेल-डिझेल लागलं तर फुगतं. सॅगमध्ये हवंच असेल तर रबरात कडक पोलादाची टोपी बसवलेले कॉम्पोझिट येतात, ते वेगळं प्रकरण.

रबरप्रेमी

कॉम्पोझिटच म्हणत होतो मी. (नव्हतो, पण आता म्हणतो.)

जुना_फोरमन

मँगनीजची गोष्ट कोणीच काढली नाही म्हणून लिहितो.

हॅडफिल्ड पोलाद, १८८२ चं, साधारण १२ टक्के मँगनीज. कोरं असताना मऊ, कडकपणा दोनशे ब्रिनेलच्या आसपास. पण मार खाऊन खाऊन वरचा थर पाचशेच्या घरात जातो. खालचा गाभा चिवटच राहतो, म्हणून फुटत नाही. वाचून वाटतं, यासारखं लायनरला दुसरं काही नाही. आम्हालाही तेच वाटलं.

पण मँगनीज मार खाऊन नुसतं कडक होत नाही, ते पसरतं. आमच्या मिलमध्ये सगळे तुकडे एकमेकांना इतके भिडले की मधल्या फटी नाहीशा झाल्या. वरून बघावं तर एकसंध भिंत. रिलाइनच्या दिवशी बोल्ट सगळे काढले, पहिला तुकडा खाली येईना. साखळी लावून ओढला, येईना. शेवटी एक अख्खी ओळ एअर-आर्कने कापली. आत धूर, वर पंखा, माणसं दर वीस मिनिटांनी बदलायची. पहिला तुकडा पडला तेव्हा बाहेर टाळ्या वाजल्या. पुढचे मग पटापट आले. साठ तासांचं काम चार दिवस चाललं.

पसरायला जागा ठेवली नाही तर ते शेललाही ताण देतं. फटी ठेवा, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. ड्रॉइंगमध्ये होतं म्हणे, बसवताना "गॅप कशाला" म्हणून आम्हीच घट्ट ठोकले होते.

स्वरा_धातुशास्त्र

फोरमन काका, दंडवत! हे वर्गात शिकवताना सांगणार.

म्हणूनच मोठ्या सॅगमध्ये आता बहुतेक ठिकाणी पर्लिटिक क्रोम-मॉली असतं, ३२५ ते ३७५ ब्रिनेल. पसरत नाही आणि मारही सोसतं. "अजून कडक घ्या, अजून टिकेल" हा मोह प्रत्येक खरेदीत होतो. हाय-क्रोम पांढरं बीड ६०० च्या वर जातं, घासण्याला जबरदस्त. छोट्या गोळ्यांच्या बॉल मिलमध्ये ते शोभतं. आठ किलोचा गोळा आदळला की काचेसारखी तड जाते.

आणि ओल्या दळणात झीज म्हणजे फक्त घासणं नव्हे. गंज चढतो, तो घासला जातो, ताजं लोखंड उघडं पडतं, पुन्हा गंजतं. त्यामुळे तोच दगड कोरडा दळला तर पोलाद कितीतरी कमी जातं.

आकडेमोड

स्वराताईंच्या मुद्द्यावर आकडे देतो. फ्रेड बाँड यांनी ॲब्रेजन इंडेक्सची चाचणी बसवली. पिंपात ४०० ग्रॅम दगडाचे तुकडे, मधे ५०० ब्रिनेल पोलादाचं पातं गरागरा फिरतं. पंधरा मिनिटं झाली की दगड नवा. असं चार वेळा. तासाभराने पात्याचं जितके ग्रॅम वजन घटलं तो इंडेक्स.

समजा ०.३ आला, म्हणजे बऱ्यापैकी खरखरीत दगड. बाँडच्या ओल्या दळणाच्या सूत्राने दर युनिट विजेमागे गोळे झिजतात साधारण १०५ ग्रॅम आणि लायनर ८ ग्रॅम. जुन्या काळच्या पोलादावरची सूत्रं आहेत, आज आकडे याहून कमी येतात. पण प्रमाण बघा, तेरास एक! लायनर वाचवायच्या नादात गोळे फोडत असाल तर वाचवताय काय?

वाट_चुकलेला

हा धागा वाचून मी आता मिक्सरकडेही संशयाने बघतो.

रिलाइनवाला

अवांतर, पण सांगून ठेवतो. वर दगडूने लिहिलंय "आत डोकावलो". बाबा रे, डोकावण्याआधी मिल थोडी थोडी फिरवून, पाणी मारून, वर अडकलेले गोळे खाली पाडून घेतले होते ना? आमच्या एका जुन्या साइटवर लायनर आणि ग्रेटच्या (माल बाहेर जायच्या जाळीच्या) मधे अडकलेला गोळा तासाभराने सुटला. हेल्मेट होतं, तरी माणूस दोन महिने घरी. तासभर शांत असलेली मिलही थांबलेली धरू नका. आणि बोल्ट काढलेल्या लायनरखाली कोणी कधी उभं राहायचं नाही, "दोन मिनिटं" सुद्धा नाही.

दगडू_शिफ्टवाला

@रिलाइनवाला, परमिट, कुलपं, धुणं, सगळं केलं होतं. पण दारातूनच बघितलं, आत गेलो नाही. पहारीने ठोकणारा मेंटेनन्सचा, त्यांच्याच पद्धतीने गेला होता.

मृण्मयी_डीईएम

दगडू, एक शंका दोन दिवस डोक्यात आहे. कोन आणि पॅकिंग दोन्ही खरं, पण ८ टक्के आणि तो दणका जरा जास्तच वाटतोय. त्या सहा आठवड्यांत मोटरचे अँपिअर कसे होते? आणि मिलची भरणी तुम्ही कशावरून ठरवता?

दगडू_शिफ्टवाला

बेअरिंग प्रेशरवरून. ट्रनियनच्या, म्हणजे मिल ज्यावर टेकून फिरते त्या मानेच्या, तेलाचं प्रेशर; मिल जड तेवढं ते जास्त. नव्या लायनरला किती ठेवायचं ते रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे, मागच्या तीन-चार सेटचा अनुभव. मग लायनर झिजून हलका होतो तसा दर महिन्याला आकडा थोडा खाली आणतो. अँपिअर कमीच होते, आम्हाला वाटलं टनेज कमी म्हणून.

मृण्मयी_डीईएम

आणि नवा सेट जुन्या नव्या सेटपेक्षा किती जड?

दगडू_शिफ्टवाला

...

थांबा.

दगडू_शिफ्टवाला

डिस्पॅचची चलनं काढून बेरीज केली. ९ टन जड. लिफ्टरचे साडेपाच आणि बाकी प्लेटचे.

म्हणजे रजिस्टरमधला तोच आकडा धरून आम्ही चालवत होतो आणि मिलमध्ये ९ टन माल कमी होता. बेअरिंगला काय कळतंय लोखंड कुठलं आणि दगड कुठला! आमचा आतला चार्ज सगळा मिळून ऐंशी टनांच्या आसपास असतो. २५ टक्के भरणी समजून आम्ही २२ वर चालवत होतो.

लोखंडेकाका

वा, मृण्मयी. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

भरणी कमी म्हणजे टो मागे सरकला. त्यात तोंड उभं, गोळा लांब फेकला जातोय. टो एका बाजूला पळतोय, गोळा दुसऱ्या बाजूला. मधे उघडं लोखंड. स्पीड कमी करायची सोय असती तर नव्या लिफ्टरवर चार आठवडे हळू चालवून वेळ मारून नेली असती. साडेसहा मीटर आतल्या व्यासाला क्रिटिकल स्पीड, म्हणजे ज्या वेगाला गोळे भिंतीला चिकटूनच फिरतात तो, येतो १६.६ फेरे, तुमचे १२ म्हणजे ७२ टक्के. तो आकडा वाईट नाही, पण कोऱ्या उभ्या लिफ्टरला जास्त होतो. फिक्स मोटरवाल्याच्या हातात लायनरचा आकार आणि भरणी, एवढंच उरतं. तुमच्याकडे दोन्ही एकदम बिघडली.

स्वरा_धातुशास्त्र

आणि खनिज बिचारं उगाच बदनाम झालं.

जुना_फोरमन

आम्ही कानाने चालवायचो. मिल "दगडावर" आहे की "लोखंडावर", ते दारात उभं राहिलं की कळायचं. दगडावरचा आवाज जाड, घुमणारा. लोखंडावरचा टणत्कार. आता मायक्रोफोन लावतात म्हणे त्यासाठी. दगडूच्या कपाने तेच काम केलं, फक्त कपाचं कोणी ऐकलं नाही.

रबरप्रेमी

पुढच्या सेटचं काय ठरतंय? ४४ ओळींची भोकं तर शेलला पाडून बसलीत.

मृण्मयी_डीईएम

भोकं तीच ठेवून करता येतं. एक ओळ उंच, एक ओळ बुटकी, हाय-लो. उंच ते उंच अंतर दुप्पट होतं, खोबण मोकळी राहते. उंच ओळी मावळल्या की पुढच्या वेळी फक्त त्याच बदलायच्या, बुटक्या आता आपोआप... नाही, उलट सांगतेय. पुढच्या रिलाइनला झिजलेली उंच ओळ बुटकी म्हणून राहते आणि जिथे बुटकी होती तिथे नवी उंच बसते. अर्थात हे प्रत्येक मिलला जमतंच असं नाही, प्लेट तेवढी टिकायला हवी. दुसरा मार्ग म्हणजे दोन ओळींची मिळून एक रुंद प्लेट आणि एकच मोठा लिफ्टर, २२ ओळी. तुकडा जड होतो, तुमचं लायनर उचलायचं मशीन तेवढं उचलतं का ते आधी बघा.

रिलाइनवाला

२२ ओळी! तुकडे निम्मे, बोल्ट निम्मे. मृण्मयीताई, हे पहिल्या प्रतिसादात सांगितलं असतं तर मी भांडलोच नसतो.

आकडेमोड

मोजायची सोय पण करा. दर थांब्याला लेझर स्कॅन जमलं तर उत्तम, नाही तर पत्र्याचा साचा कापून तीन ठिकाणी लावा, फीडकडे, मधे, डिस्चार्जकडे. तिन्हीकडे झीज सारखी नसते. एक ओळ मधे संपते आणि टोकाला अर्धी शिल्लक असते, आणि फेकताना सगळीच भंगारात. पाचशे किलोचा तुकडा बसवून अडीचशे किलो भंगारात देणारे कमी नाहीत.

घसारा

भंगाराचं वजन आम्ही नीट लिहितो. तेवढाच एक आकडा सगळ्यांना पटतो.

दगडू_शिफ्टवाला

(पाच महिन्यांनी धागा वर काढतोय, माफ करा.)

सेट आज उतरवला. सात महिने आणि थोडे दिवस चालला, आठ नाही. फीडच्या बाजूच्या प्लेटा आधी गेल्या. स्कॅन नव्हतं, पत्र्याच्या साच्यानेच मोजलं, त्यामुळे निदान आधी कळलं.

तो आकडा तेव्हाच दुरुस्त केला होता. रजिस्टरमध्ये आता प्रेशरच्या शेजारी "या सेटचं वजन" असा रकाना आहे. टनेज दोन आठवड्यांत जाग्यावर आलं, पण लिफ्टरही तोवर झिजलेच होते, त्यामुळे कशाने किती सुधारलं ते सांगता येणार नाही. मेंटेनन्स म्हणतंय कोनाने काही फरक पडत नाही, सगळं भरणीचंच होतं.

आजपासून नवा सेट. हाय-लो, उंच लिफ्टर २०० मिमी, तोंड २८ अंश. २२ ओळींचा तुकडा आमचं मशीन उचलत नाही. पहिला ट्रक आत्ताच गेटवर आलाय.

लोखंडेकाका

अभिनंदन. ड्रॉइंगवरचे २८ सांगू नकोस. बसवायच्या आधी दोन-चार तुकड्यांवर कोनमापक लाव आणि आलेला आकडा इथे टाक.

दगडू_शिफ्टवाला

पाच तुकडे मोजले. २७, २८, २८, २६, आणि एक १३.

रिलाइनवाला

तो उलटा धरून मोजलाय की उलटाच ओतलाय?

दगडू_शिफ्टवाला

दोन्ही तोंडं वेगळी आहेत. मिलच्या दिशेचा बाण फक्त खालच्या बाजूला, बसवल्यावर दिसणारच नाही अशा जागी. पाठीला रंग लावायला माणूस बसवलाय.